आधी कपाटाचं कुलूप काढा

पत्र (थोडक्यात): मुलाला सीईटीत ९६ पर्सेंटाइल आहेत. कॅप राउंडमध्ये (प्रवेशाच्या फेरीत) सरकारी कॉलेजात ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) मिळतंय. मी टॅक्सची कामं करतो. माझ्या मते त्याने कॉम्प्युटरच घ्यावं, नाहीतर वर्षभर ड्रॉप घेऊन जेईई पुन्हा द्यावी. ईअँडटीसी म्हणजे शेवटी टीव्ही दुरुस्ती. त्याला रॅमचा स्पीड वाढवण्याचं काम करायचंय म्हणे. घरच्या जुन्या पीसीत रॅमच्या दोन पट्ट्या या स्लॉटमधून त्या स्लॉटमध्ये घातल्या आणि सांगतो, स्पीड दुप्पट झाला. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) उघडायला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो! पीसी सध्या कपाटात कुलपात ठेवलाय. असं काही करिअर असतं का?
– एक पालक, बार्शी

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. अख्ख्या पत्रात मुलाचं म्हणणं एका वाक्यात आलंय, आणि त्यालाही तुम्ही शेवटी ‘म्हणे’ लावलंय. पर्सेंटाइलची मला अजिबात काळजी नाही, त्या ‘म्हणे’ची आहे. अठरा वर्षांच्या मुलाला एखाद्या यंत्राच्या आत काय चाललंय हे बघावंसं वाटलं, त्याने हात घातला, बदल केला, मोजलं आणि घरच्यांना सांगितलं. त्यावर घरातून उत्तर काय मिळालं, तर कुलूप. माझ्याकडे दर जूनला पन्नासेक मुलं येतात. ‘तुला काय बघायला आवडतं?’ असं विचारलं की बहुतेक जण आईकडे बघतात. तुमचा मुलगा रॅमच्या स्लॉटकडे बघतोय. तुम्ही हिशेबातली माणसं, ही शिल्लक कुठल्या बाजूला मांडायची ते तुम्हीच ठरवा.

‘टीव्ही दुरुस्ती’बद्दल एवढंच, की टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला कमी लेखायचं कारण पूर्वीही नव्हतं आणि आजही नाही.

आता तुमच्या दोघांच्या भांडणाकडे येतो, कारण गंमत म्हणजे दोघंही बरोबर आहात. चार स्लॉटच्या बोर्डावर शेजारी-शेजारी घातलेल्या दोन पट्ट्या बहुधा एकाच वाटेने प्रोसेसरकडे जातात. एक स्लॉट सोडून घातल्या की दोन वाटा उघडतात. डीडीआर४-३२०० या प्रकारच्या रॅमपट्टीची एक वाट सेकंदाला २५.६ गीगाबाइट नेऊ शकते, दोन वाटा ५१.२. मुलाने मोजलं ते हेच. पण टॅली उघडताना मशीन मुख्यतः डिस्कची वाट बघत असतं, तिथे रॅमची वाट रुंद करून काय होणार? आणि इथेच बहुतेकांचा गैरसमज असतो, की रॅम वेगवान झाली म्हणजे आतली साठवणूकच चपळ झाली. ही साठवणूक म्हणजे एक विहीर समजा आणि डेटा म्हणजे पोहऱ्याने काढायचं पाणी. पोहरा तळाशी जाऊन वर यायला लागणारा वेळ फारसा बदललेलाच नाही. आधीच्या पिढीतल्या डीडीआर३-१६०० च्या साध्या पट्टीत चिपमधली योग्य ओळ उघडलेली असतानाही पहिला डेटा हाती यायला मेमरीच्या घड्याळाचे ११ ठोके लागतात, म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद (सेकंदाचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोसेकंद). डीडीआर४-३२०० मध्ये २२ ठोके लागतात, पण ठोका निम्म्या वेळाचा, म्हणून पुन्हा तेच १३.७५. मग वाढलं काय? पोहऱ्याचं आकारमान. एका खेपेत डीडीआर४ प्रत्येक तारेमागे ८ बिट वर काढते, डीडीआर५ १६. शिवाय घड्याळाचा ठोका चढतानाही माल जातो आणि उतरतानाही. डीडीआरमधला (डबल डेटा रेट) ‘डबल’ तो हाच. एआयच्या मशीनमध्ये जी एचबीएम मेमरी असते, तिच्यात चिपा एकावर एक रचतात आणि एका साध्या पट्टीच्या ६४ डेटातारांच्या जागी १०२४ किंवा त्याहून जास्त तारा काढतात. एवढं सगळं करूनही विहीर तेवढीच खोल राहते.

तेव्हा हो, असं करिअर असतं. अशा चिपा घडवणाऱ्या मोठ्या कंपन्या कोरिया आणि अमेरिकेतल्या आहेत, पण त्यांची डिझाइन आणि तपासणीची बरीच कामं बंगळूर-हैदराबादला चालतात. त्याला ज्याचं वेड आहे ते डेटा नेण्या-आणण्याचं काम आहे, आणि त्याचा पाया सिग्नल, सर्किट, इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स, म्हणजे नेमकी ईअँडटीसी. तुमच्या मुलाला हवी ती शाखा सरकारी फीमध्ये दारात आली आहे आणि तुम्ही ती सोडून एक वर्ष आणि क्लासची फी वाया घालवायला निघालाय. ड्रॉप नको. सीट फ्रीज (पक्की) करा. पुढे गेट (एमटेकची प्रवेश परीक्षा) देऊन मायक्रोइलेक्ट्रॉनिक्समध्ये एमटेक, किंवा सी-डॅक या सरकारी संस्थेचा व्हीएलएसआय (चिप डिझाइन) डिप्लोमा, ते तिसऱ्या वर्षात बघू.

मुलालाही दोन शब्द. (हे त्याला वाचायला द्या. तुम्ही वाचून सारांश सांगू नका.) बाळा, आकडा वाढवून दाखवणारे व्हिडिओ बघणं म्हणजे इंजिनिअरिंग नव्हे. दुसऱ्या वर्षी फूरियर आणि मॅक्सवेल यांची सिग्नल आणि विद्युतचुंबकीय लहरींची गणितं समोर येतील तेव्हा कंटाळा येईल, पण रॅमचं खरं काम तिथेच आहे. बोर्डावर प्रोसेसर आणि रॅमच्या मधल्या तांब्याच्या रेषा नीट बघ. काही रेषा सरळ न जाता मुद्दाम नागमोडी नेल्या आहेत, कारण एकत्र निघालेले बिट एकत्रच पोचायला हवेत आणि जवळच्या रेषेला लांबच्या रेषेइतकं अंतर चालायला लावायचं असतं. ते नागमोडी वळण कुणीतरी गणित करून काढलंय.

पीसी बाहेर आला की तीन वेळा मोजायचं: एक पट्टी, शेजारच्या स्लॉटमध्ये दोन, एक स्लॉट सोडून दोन. प्रत्येक वेळी टॅली उघडायला लागणारे सेकंदही लिहायचे, आणि ते घड्याळ बाबांनी लावायचं. बंद करून वायर काढल्याशिवाय पट्टीला हात लावू नकोस. आकडे वहीत मांडून मला पाठव.