तुमचे प्रश्न : सीसीटीव्हीचं चित्रण टेपवर ठेवताना

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत ४८ कॅमेरे आहेत. एनव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रात) ३० दिवसांचंच रेकॉर्डिंग राहतं. स्ट्राँगरूम, कॅश काउंटर आणि प्रवेशद्वारं अशा १२ कॅमेऱ्यांचं चित्रण वर्षभर जपायचं आहे. टेप ड्राइव्ह एलटीओ-८ घ्यावा की एलटीओ-९? – एक वाचक, सांगली

उत्तर : एलटीओ हा डेटा टेपचा प्रमाणित प्रकार, पुढचा आकडा त्याची पिढी. आधी रोजचा डेटा मोजा. एका कॅमेऱ्याचा बिटरेट (दर सेकंदाचा डेटा) ४ मेगाबिट धरला तर सेकंदाला अर्धा एमबी, म्हणजे दिवसाला ४३ जीबी होतात. १२ कॅमेऱ्यांचे रोज सुमारे ५२० जीबी, ३१ दिवसांच्या महिन्याचे १६ टीबी. एलटीओ-८च्या टेपवर १२ टीबी मावतात, एलटीओ-९वर १८. तुमचा अख्खा महिना एलटीओ-९च्या एकाच टेपवर बसतो, एलटीओ-८ला दर महिन्याला दोन लागतील. एलटीओ-९च घ्या. पुढे कधी एलटीओ-१० घेतलात तरी हा ड्राइव्ह मोडीत काढू नका. एलटीओ-१० आधीच्या पिढीची एकही टेप वाचत नाही.

एलटीओ-९च्या टेपवर ४५ टीबी असाही आकडा छापलेला असतो. तो डेटा अडीच पट दाबला जाईल असं धरून काढलेला आहे. एच.२६४ किंवा एच.२६५ या व्हिडिओ पद्धतींचं चित्रण मुळातच दाबलेलं असतं, ते आणखी आक्रसत नाही. हिशेब १८चाच करा.

ड्राइव्ह सॅस (सर्व्हरमधल्या डिस्क-टेप जोडण्याची पद्धत) जोडणीचा, हाफ-हाइट म्हणजे कमी उंचीचा पुरे. सर्व्हरमध्ये त्यासाठी वेगळं एचबीए कार्ड (ड्राइव्ह थेट सर्व्हरला जोडणारं) लावा. रेड कार्डाला (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या) जोडलेला टेप ड्राइव्ह बरेचदा दिसतच नाही. केबल मागवण्याआधी दोन्ही टोकांचे पोर्ट पाहून घ्या : एसएफएफ-८०८८ आणि एसएफएफ-८६४४ एकमेकांत बसत नाहीत. नवी एलटीओ-९ टेप पहिल्यांदा घातल्यावर ड्राइव्ह तिची मापं जुळवून घेतो. याला सरासरी ४० मिनिटं, क्वचित दोन तासही लागतात. ड्राइव्ह अडकला असं समजून तेवढ्यात वीज बंद करू नका.

चित्रण एनव्हीआरमधून तासातासाच्या फाइलमध्ये एक्स्पोर्ट करा, त्याचा प्लेअरही त्याच टेपवर ठेवा. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइल जराही बदलली तर बदलणारा, तिच्या ठशासारखा आकडा) काढून वेगळ्या नोंदवहीत जपा. १ जुलै २०२४पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३च्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश भरावा लागतो. जालन्याच्या २०१४च्या निवडणुकीवरून झालेल्या खटल्यात मूळ उपकरण हजर न करता प्रत दिली तर प्रमाणपत्र अनिवार्य, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केलं होतं. तो निकाल जुन्या कायद्याखालचा, पण मुद्दा आजही तितकाच गंभीर आहे.

प्रत्येक महिन्याच्या टेपच्या दोन सारख्या प्रती करा आणि दुसरी दुसऱ्या शाखेत ठेवा. टेप भरली की तीवरच्या काही फाइल परत डिस्कवर उतरवून हॅश जुळवा. वाचून न पाहिलेल्या टेपला बॅकअप म्हणू नये.

प्रश्न : आमचा एलटीओ-८ ड्राइव्ह सेकंदाला जेमतेम ४० एमबी लिहितो आणि सारखा थांबत-मागे जात घरघरतो. बिघडला आहे का? – एक वाचक, चाकण

उत्तर : बहुधा नाही, त्याची उपासमार होते आहे. तुम्ही नेटवर्कवरून एनव्हीआरमधलं चित्रण थेट टेपवर ढकलत असाल. ड्राइव्ह सेकंदाला ३०० एमबी लिहू शकतो आणि डेटा हळू आला तर वेगही कमी करतो, पण सुमारे १०० एमबीच्या खाली त्याला उतरता येत नाही. मग बफर रिकामा होतो, टेप थांबते, मागे जाते, पुन्हा वेग घेते. त्यात टेप आणि हेड दोन्ही झिजतात. आठवड्याचा डेटा मावेल इतकी एसएसडी सर्व्हरमध्ये लावा, त्यावर सगळं जमवा आणि मग एका दमात टेपवर उतरवा. वरच्या उत्तरातल्या १२ कॅमेऱ्यांच्या आठवड्याच्या ३.६ टीबीला साडेतीन तास पुरतात. एलटीएफएस (टेपवरच्या फाइल डिस्कसारख्या दाखवणारी पद्धत) वापरत असाल तर टेपवरून थेट व्हिडिओ चालवू नका; फाइल आधी डिस्कवर घ्या.

प्रश्न : पावसाळ्यात टेप कपाटात ठेवल्या तर चालतील? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दीर्घकाळ ठेवण्यासाठी १६ ते २५ अंश सेल्सिअस आणि २० ते ५० टक्के आर्द्रता हवी. कोकणातल्या जुलैमध्ये साध्या कपाटात हे शक्य नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवा, टेप केसमध्ये उभ्या ठेवा. दुसऱ्या खोलीतून आणलेली टेप २४ तास ड्राइव्हजवळ राहू द्या, मगच आत घाला. क्लीनिंग टेप मात्र ड्राइव्हने मागितली तरच वापरा.