कुलचिन्ह घ्या, पण बचत मोडून नको

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, रेल्वे सिग्नलिंगमध्ये आहे. वडील कसारा घाटात बँकर इंजिन चालवायचे. घाट, इंजिन आणि सिग्नल घेऊन लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सकडून, म्हणजे अधिकृत कुलचिन्हं देणाऱ्या संस्थेकडून, रीतसर कुलचिन्ह (कोट ऑफ आर्म्स, घराण्याचं चित्रचिन्ह) घ्यावं म्हणतो, लेकीसाठी ठेवा म्हणून. शिल्लक १९,००० पौंड, घरखर्च महिना २,८००, बचत ५००. घरकर्ज १,८०,००० बाकी, २० वर्षं, १.९ टक्क्यांचा फिक्स्ड रेट मार्चमध्ये संपतोय.

उत्तर : बँकर म्हणजे गाडीला मागून रेटणारं इंजिन, हे वाचून आमच्या धंद्यातले बँकर आठवले. ते बहुधा उतारावरच भेटतात.

आधी मार्चचं बघू. नवा दर साडेचार टक्के धरला तर हप्ता ९०२ वरून ११३९ वर जाईल. ५०० ची बचत २६३ वर आली. कुलचिन्हाची फी आठ-नऊ हजारांच्या घरात आहे, आणि ती अर्जासोबतच भरावी लागते. साडेआठ हजार धरा: हाती उरतात १०,५००, म्हणजे चार महिन्यांचाही खर्च नाही. मी सहा महिन्यांचा, १६,८०० चा, हट्ट धरतो. म्हणून बचतीला हात नको. वेगळं खातं उघडून २६३ टाकत राहिलात तर पावणेतीन वर्षं लागतील. तोवर फीही वाढेल. बोनस मिळाला तर तोही तिथेच टाका.

आता 'ठेवा'. ही गुंतवणूक नव्हे, कुलचिन्ह विकता येत नाही. शिवाय हक्क पुरुषवंशाने चालतो. लेक ते आयुष्यभर मिरवेल, पण तिच्या मुलांकडे ते आपोआप जाणार नाही. भारतात भाऊ-पुतणे असतील तर अर्ज करतानाच वडिलांच्या सगळ्या वंशजांसाठी हक्क मागा. साडेआठ हजारांत मला पटणारी गोष्ट हीच.

इंटरनेटवर वीस-तीस पौंडांत 'तुमच्या आडनावाचं चिन्ह' विकतात, तिकडे फिरकू नका. इंग्लंडमध्ये चिन्ह आडनावाला मिळत नाही, माणसाला आणि त्याच्या वंशाला मिळतं.

तुमची कल्पना मात्र झकास आहे, आणि घाटाला तिथे जुना मान आहे. १८५७ मध्ये बॅरोनेट (वंशपरंपरेने चालणारा ब्रिटिश किताब) झालेल्या जमशेटजी जीजीभॉय यांच्या कुलचिन्हातल्या ढालीवर मुंबईजवळच्या घाटावर उगवता सूर्य आहे, वर दोन मधमाश्या. स्केच आजच काढायला घ्या, त्याला फी नाही. फक्त अख्खं इंजिन कोंबू नका. लेटरहेडवर नखाएवढं झालं की ते काळा ठिपका दिसेल. सिग्नलचा एक हात पुरे.