रेडिएटर आणि थर्मोस्टॅट नवे टाकले, तरी गाडी का तापतेय?

कामानंतर लगेच तापत असेल तर पहिला संशय एअर लॉकवर, म्हणजे कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) मार्गात अडकलेल्या हवेवर. तापमानाचा काटा वर चढला की हीटर फुल करा. गार हवा आली तर कूलंट तिथपर्यंत फिरतच नाहीये, किंवा कमी पडलंय. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच कूलंटचं झाकण उघडा (गरम असताना उघडलंत तर हात-तोंड भाजेल), गाडीचं नाक चढाकडे ठेवून इंजिन चालू करा आणि कूलंट भरत हवा निघू द्या.

फक्त ट्रॅफिकमध्येच तापते? मग फॅन फिरतोय का बघा. काम करताना त्याच्या वायरचा सॉकेट लावायचा राहून जातो, हे गॅरेजमध्ये नेहमीचंच.

हवा काढूनही कूलंटमधले बुडबुडे थांबत नाहीत, गळती दिसत नाही आणि कूलंट मात्र कमी होतंय, तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) तपासून घ्या. तोवर गाडी चालवू नका, हेड वाकेल.