दाह कमी करणारी औषधं ॲलर्जीत रोगप्रतिकारक पेशींचे संदेश कसे बदलतात? सगळ्यांचं काम सारखंच असतं का?

सारखं अजिबात नसतं. 'अँटी-इन्फ्लमेटरी' या एकाच नावाखाली स्टेरॉइडंही येतात आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी पेनकिलरंही. त्यातली पहिली ॲलर्जीचा दाह शमवतात, दुसरी माझ्यासारख्या काही दमेकऱ्यांचा श्वास कोंडतात.

स्टेरॉइड पेशीत शिरून तिथल्या रिसेप्टरला चिकटतं आणि ही जोडी केंद्रकात जाते. दाहाची जनुकं चालू ठेवणारी एनएफ-कप्पा-बी आणि एपी-१ ही प्रथिनं तिथे दाबली जातात. मग टी-पेशींकडून निघणारे आयएल-४, आयएल-५, आयएल-१३ (आयएल म्हणजे इंटरल्युकिन) हे संदेश घटतात, आणि आयएल-५ आटलं की इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीच्या दाहातल्या पांढऱ्या रक्तपेशी, तग धरत नाहीत. हे जनुकांवरचं काम, त्याला वेळ लागणारच. स्टेरॉइडचा पंप ओढल्यावर लगेच मोकळं वाटलं नाही म्हणून तो बंद करणं मूर्खपणा आहे. अँटीहिस्टामिन फक्त हिस्टामिनचा एच-१ रिसेप्टर अडवतं, बाकीचे संदेश चालूच राहतात.

आता पेनकिलर. मला दमा आहे, नाकात पॉलिप (मऊ गाठी) आहेत, वास जवळपास येतच नाही. गुडघा सुजला तेव्हा डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक दिली. तासाभरात नाक वाहू लागलं, चेहरा लालबुंद झाला, छाती आवळली, आणि रात्र ऑक्सिजनवर काढावी लागली. गोळीनेच झालं, असं मी सांगत होते. माझे मोठे दीर औषध कंपनीत आहेत. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "दाह कमी करणाऱ्या गोळीने दमा कसा वाढेल? तुझ्या मनात भीती बसलीय." पुढे ॲलर्जीच्या रक्ततपासणीत काही निघालं नाही, तेव्हा तर माझं बोलणंच खोटं ठरलं. त्यानंतर मी कुठल्याही औषधाबद्दल शंका काढली की घरात एकमेकांकडे बघितलं जायचं. धाप लागण्यापेक्षा ते जास्त लागलं मला.

भाऊजींनी पुढचं नीट वाचावं. ॲस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन (दाह आणि वेदनेत भाग घेणारे रेणू) तयार होणं थांबवतात, हे शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. पण प्रोस्टाग्लँडिन ई-२ हा ॲलर्जीत नुसता उपद्रवी रेणू नाही. मास्ट पेशींवर (ॲलर्जीत हिस्टामिनसारखी रसायनं सोडणाऱ्या पेशी) आणि श्वासनलिका आवळणारं ल्युकोट्राइन बनवणाऱ्या एन्झाइमवर त्याचाच लगाम असतो. माझ्यासारख्यांच्या नाकात-श्वसनमार्गात तो मुळात कमी असतो. पेनकिलरने प्रोस्टाग्लँडिन बनवणारं कॉक्स-१ हे एन्झाइम बंद केलं की उरलासुरलाही जातो, मास्ट पेशी आणि इओसिनोफिल भसाभस ल्युकोट्राइन सोडतात, श्वासनलिका आवळतात. यात आयजीई या ॲलर्जीच्या अँटीबॉडीचा संबंधच नाही, मग आयजीई शोधणाऱ्या तपासणीत काय सापडणार? निदान होतं ते रुग्णालयात, देखरेखीखाली ॲस्पिरिनचे वाढते डोस देऊन. माझं तसंच झालं आणि तो अहवाल फाइलला आहे. फ्रान्समध्ये डॉक्टर विदाल आणि सहकाऱ्यांनी हा प्रकार १९२२ मध्येच नोंदवला होता. माझ्या मनाने तो काढलेला नाही.

हे वाचून प्रत्येक दमेकऱ्याने पेनकिलरचा धसका घ्यायची गरज नाही. प्रौढ दमेकऱ्यांत हा त्रास साधारण ७ टक्क्यांना असतो. दम्यासोबत नाकात पॉलिप असतील तर शक्यता बरीच वाढते. सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक कॉक्स-१ ला फारसं छेडत नाही, म्हणून आमच्यापैकी बहुतेकांना चालतं, पण पहिला डोस डॉक्टरांसमोरच घ्यावा. माँटेलुकास्ट हे दम्याचं औषध ल्युकोट्राइनचा एकच रिसेप्टर अडवतं, तेव्हा ते चालू आहे म्हणून पेनकिलर खपून जाईल असं धरू नका. आणि बरेच दिवस चाललेली स्टेरॉइडची गोळी मनाने एकदम थांबवू नका.

तुम्हाला गोळीनंतर असं झालं असेल तर गोळीचं नाव आणि किती वेळाने त्रास सुरू झाला हे लिहून ठेवा आणि दातांच्या डॉक्टरांसकट प्रत्येकाला दाखवा. घरातल्या जाणकारांचं मत त्यानंतर विचारलं तरी चालेल.