वीज पडून माणूस वाचला, पण नंतरचा त्रास?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी चालू होती, एकदम आभाळ भरून आलं म्हणून माझे धाकटे दीर कडुलिंबाखाली थांबले आणि वीज त्या झाडावरच पडली. ते बेशुद्ध झाले पण अंगात करंट असतो म्हणून कोणी हातच लावेना, कोणी म्हणे शेणात पुरा. थोड्या वेळाने आपोआप शुद्धीवर आले. पाय गार, निळसर, हलतच नव्हते, ते रात्रीपर्यंत ठीक झाले. छातीवर फांद्यांसारखी लाल नक्षी उठली होती तीही दुसऱ्या दिवशी गेली. आता तीन महिने झाले, एका कानाने कमी ऐकू येतं, झोप नाही, विसरतात, लगेच चिडतात. घरचे म्हणतात कामाचा कंटाळा आलाय. हे विजेमुळे असेल का?
- एक वाचक, हिंगोली जिल्हा

उत्तर : ताई, हो, असू शकतं, आणि घरच्यांना आधी हे सांगा की हे ढोंग नाही. वीज अंगातून जाते ती क्षणाच्याही छोट्या भागात, बरीचशी कातडीवरूनच जाते, म्हणून भाजलेलं फार दिसत नाही आणि लोकांना वाटतं काही झालंच नाही. पण मेंदूला आणि नसांना बसलेला झटका महिनोन्‌महिने राहू शकतो, विसरणं, चिडचिड, झोप उडणं, हातापायाला मुंग्या, उदास वाटणं हे सगळं त्यातच येतं. एमआरआय नॉर्मल आला तरी त्रास खराच असतो. न्यूरोलॉजिस्टला दाखवा, झोपेवर आणि नसांच्या दुखण्यावर औषधं आहेत, गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञही, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कामाला हळूहळू लावा.

कानाचं मात्र लांबवू नका. कडाक्याच्या दाबाने पडदा फाटतो, हे खूप जणांना होतं. कानाच्या डॉक्टरांकडून तपासून ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं याची तपासणी) करून घ्या आणि तोवर कोमट तेल वगैरे अजिबात घालू नका, पाणीही जाऊ देऊ नका. छोटं भोक बऱ्याचदा आपोआप भरतं, पण तीन महिने झाले तरी भरलं नसेल तर ऑपरेशन लागू शकतं. डोळेही आत्ता दाखवा आणि पुढेही अधूनमधून दाखवत राहा, कारण मोतीबिंदू काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही येऊ शकतो. पाय निळे पडले ते रक्तवाहिन्या आकसल्यामुळे, ती नक्षीही खरा भाजल्याचा डाग नव्हे, दोन्हीची आता काळजी नको.

आता हात न लावण्याबद्दल. अंगात करंट अजिबात राहत नाही! तुमचे दीर आपोआप शुद्धीवर आले, पण सगळ्यांचं तसं होत नाही. विजेने हृदय थांबतं, ते पुष्कळदा स्वतःच परत चालू होतं पण श्वास जास्त वेळ बंद राहतो, आणि श्वास मिळाला नाही की हृदय पुन्हा थांबतं. शेणात पुरण्यात नेमकी हीच मिनिटं जातात. श्वास बंद असेल तर १०८ ला फोन लावायला सांगून लगेच छाती दाबायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ३० दाबांनंतर तोंडाने दोन श्वास, आणि मदत येईपर्यंत थांबू नका. डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या दिसल्या म्हणून गेला असं समजू नका, विजेच्या केसमध्ये ती खूण फसवी असते. चार जण पडले असतील तर जो निपचित आहे त्याच्याकडे आधी धावा, कण्हणारे बहुतेक वाचतात.

दाखवायला जाताना पहिल्या दिवशीचा ईसीजी आणि डिस्चार्ज कार्ड असेल तर सोबत न्या, आणि झाडावर वीज पडली तेव्हा ते किती लांब होते, किती वेळ बेशुद्ध होते हे तुम्हीच सांगा, त्यांना स्वतःला ते आठवत नसेल.