वाचकांचे प्रश्न : ही ओढ तिला सांगावी का?

प्रश्न : माझे वय ३२ वर्षे आहे. मी डोंबिवलीत आई-वडिलांबरोबर राहतो आणि मुंबईत एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात काम करतो. सातवी-आठवीत असल्यापासून मला पायात कॅलिपर असलेल्या, कुबड्या घेऊन चालणाऱ्या किंवा पाय गमावलेल्या स्त्रियांविषयीच शारीरिक ओढ वाटत आली आहे. आम्हाला गणित शिकवणाऱ्या बाईंना पोलिओ झालेला होता. हे त्यांच्यामुळे सुरू झाले की आधीपासूनच होते, ते सांगता येत नाही. संध्याकाळी घरी परतताना मी फलाटावर दिव्यांगांचा डबा थांबतो तिथे मुद्दाम उभा राहतो आणि दोन-तीन गाड्या सोडून देतो. मोबाइलमध्ये अनोळखी स्त्रियांची छायाचित्रे जमवली आहेत. नंतर स्वतःची किळस येते, सगळी पुसून टाकतो आणि काही दिवसांनी पुन्हा जमवू लागतो.

गेल्या वर्षी कार्यालयात एक सहकारी रुजू झाली. अपघातामुळे तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला असून ती कृत्रिम पाय वापरते. आमची चांगली मैत्री झाली आहे आणि तिलाही माझ्याविषयी काही वाटते, असा माझा समज आहे. घरी तिचा विषय काढला तेव्हा आई म्हणाली, "एवढा त्याग करायची तुला काय गरज पडली आहे?" मी गप्प बसलो, कारण यात त्याग नाही हे मला पक्के ठाऊक आहे. मी विकृत आहे का? यावर काही उपचार आहेत का? आणि तिला हे आधी सांगावे, की लग्नानंतर आपोआप कळू द्यावे? असा प्रश्न मासिकाकडे पाठवावा की नाही, हेही मला कळत नव्हते. (नाव प्रसिद्ध करू नये.)

उत्तर : शेवटच्या शंकेचे निरसन आधी करते. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचक याहून अवघड प्रश्न विचारत असत, आणि अशाच प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली. तेव्हा मराठी मासिकाकडे असा प्रश्न येण्यात नवे काहीच नाही.

केवळ या ओढीमुळे तुम्ही विकृत ठरत नाही. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत चारचौघांहून वेगळे लैंगिक आकर्षण आणि लैंगिक विकार या दोहोंत स्पष्ट फरक केला. आकर्षणामुळे त्या व्यक्तीला स्वतःला गंभीर त्रास होत असेल, किंवा दुसऱ्याला इजा होत असेल अथवा होण्याचा धोका असेल, तरच त्याला विकार म्हणावे, असे ती पुस्तिका सांगते. जागतिक आरोग्य संघटनेचे २०२२ पासून लागू झालेले वर्गीकरण आणखी पुढे जाते : लोक आपल्याला नाकारतील या भीतीतून जो त्रास होतो, तेवढ्यावरून विकाराचे निदान करू नये, अशी त्याची भूमिका आहे. तुमच्या किळसेचा बराचसा भाग याच भीतीतून आलेला असावा, असे तुमचे पत्र वाचून मला वाटते.

अशी ओढ असलेले तुम्ही पहिले नाही. तत्त्वज्ञ देकार्त यांनी १६४७ मध्ये स्वीडनमधील फ्रेंच प्रतिनिधी शानू यांना लिहिलेल्या एका पत्रात आपली आठवण सांगितली आहे. लहानपणी त्यांना किंचित तिरळ्या डोळ्यांची एक मुलगी आवडत असे. पुढे कितीतरी काळ तिरळी व्यक्ती दिसली की कारण न कळता त्यांचे मन तिच्याकडे ओढले जाई. हे कशामुळे होते याचा विचार केल्यावर ती ओढ राहिली नाही, असेही ते लिहितात. त्यांच्या बाबतीत घडले तसे तुमच्या बाबतीत घडेल, असे आश्वासन मात्र मी देणार नाही. गणिताच्या बाईंमुळे हे सुरू झाले का, या शोधात फार काळ अडकू नका. कारण सापडले तरी ओढ बहुधा तशीच राहील.

उपचारांविषयी सांगायचे तर, ही ओढ मुळापासून बदलून टाकणारे खात्रीचे औषध नाही आणि तसा दावा करणाऱ्यांपासून, विशेषतः रेल्वेलगतच्या भिंतींवर जाहिराती रंगवणाऱ्यांपासून, दूर राहावे. उपचार होऊ शकतात ते अपराधी भावनेवर, चिंतेवर आणि पुसणे-जमवणे या चक्रावर, ज्याने तुमची संध्याकाळ व्यापली आहे. त्यासाठी चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भेटा. सुरुवात फोनवरून करावीशी वाटली, तर केंद्र शासनाची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते.

आता त्या फलाटाकडे वळते, कारण तुमच्या पत्रातील मला सर्वांत खटकलेली गोष्ट तिथेच आहे. ओढ वाटणे तुमच्या हातात नाही, हे मान्य. परंतु गाड्या सोडून देऊन डब्यासमोर उभे राहणे पूर्णपणे तुमच्या हातात आहे. त्या डब्यात चढणाऱ्या स्त्रीच्या बाजूने हा प्रसंग पाहा. गर्दीतून वाट काढत, एका हाताने कुबडी व पर्स आणि दुसऱ्या हाताने दांडा सांभाळत ती वीस-पंचवीस सेकंदांत आत शिरण्याच्या खटपटीत असते, त्या डब्यात धडधाकट माणसे आधीच घुसलेली असतात, आणि त्याच वेळी कोणीतरी आपल्या पायाकडे टक लावून पाहत आहे हे तिच्या लक्षात आलेले असते. ते लक्षात येत नाही, अशा भ्रमात राहू नका. माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या दिव्यांग स्त्रिया दोन तक्रारी एका श्वासात करतात : लोक आम्हाला इच्छा-वासना नसलेली बाहुली समजतात, आणि जो कोणी तसे समजत नाही तो आमच्या पायापलीकडे पाहतच नाही. दुसऱ्या तक्रारीतला माणूस तुम्ही होऊ नये, असे मला वाटते.

छायाचित्रांचेही तेच आहे. ज्या स्त्रीने स्वतःच्या नातेवाइकांसाठी किंवा उपचारांची माहिती देण्यासाठी आपले छायाचित्र ठेवले, तिने ते तुमच्या साठ्यासाठी दिलेले नव्हते. तो साठा एकदाच पुसा आणि पुन्हा सुरू करू नका. हे एकट्याने जमले नाही, तर तोच मानसशास्त्रज्ञाकडे जाण्याचा पहिला विषय ठरवा. नकोसे वाटते हे स्त्रीने स्पष्ट केल्यावरही तिचा पाठलाग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. तुम्ही तिथवर गेलेला नाहीत. परंतु ओढीचा स्वीकार करायचा म्हणजे तिच्या नावाखाली काय करायचे नाही, हेही ठरवणे आले.

सहकारी मैत्रिणीविषयी तुम्ही दीड पान लिहिले आहे. जागेअभावी ते येथे छापलेले नाही. ती जिना कशी उतरते, कृत्रिम पायावर भार देताना खांदा किती झुकतो, दुपारनंतर तिची चाल कशी बदलते, हे सारे त्यात बारकाईने आले आहे. तिला काय आवडते, कशाचा राग येतो, हे मी पत्र दुसऱ्यांदा वाचून शोधले. एक वाक्य सापडले : तुमच्या ताळेबंदातील चूक तिने सगळ्यांसमोर दाखवली आणि घरी जाताना तुम्ही एकटेच हसत होतात. मला त्या वाक्यात प्रेम दिसले. उरलेल्या दीड पानात ते दिसले नाही, हेही सांगायला हवे.

दुपारनंतर तिची चाल बदलते याचे कारण बहुधा असे असते की, दिवसभरात उरलेल्या पायाचा आकार थोडा बदलतो, सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची उरलेला पाय आत बसवण्याची खोबण, सैल पडते किंवा काचते, आत घातलेला मोजा बदलावा लागतो, आणि मुंबईच्या दमट हवेत घामाने कातडी सोलवटते. जे तुम्हाला मोहक वाटते ते तिच्या दृष्टीने कदाचित नुसते दुखणे असेल. म्हणून स्वतःला एक प्रश्न विचारा आणि उत्तर कोणालाही सांगू नका. उद्या तिला अधिक चांगला कृत्रिम पाय मिळाला आणि तिची चाल कोणाच्या लक्षातही येणार नाही इतकी सहज झाली, तर तुम्हाला आनंद होईल का? मनात थोडी हुरहुर वाटली तर घाबरू नका. मात्र 'आहे तोच पाय बरा' असे तिला कधी सुचवावेसे वाटले, तर तुम्ही लग्नाला तयार नाही, असे समजा.

तिला सांगावे, आणि लग्नाचा शब्द उच्चारण्यापूर्वी सांगावे. लग्नानंतर आपोआप कळू देणे म्हणजे तिच्याकडून निर्णयाचा हक्क काढून घेणे होय. पहिल्याच निवांत भेटीत या ओढीची सगळी वंशावळ मांडण्याचे कारण नाही. आधी तुमच्या मनात मैत्रीपलीकडचे काही आहे एवढेच सांगा आणि तिचा प्रतिसाद ऐका. तिनेही तशी इच्छा दाखवली, तर पुढे केव्हातरी साध्या शब्दांत सांगा : "मला आधीपासून अशाच स्त्रियांची ओढ वाटत आली आहे. तुझा पाय मला आवडतो, यात दया नाही. पण मला तू आवडतेस ती त्या ताळेबंदाच्या दिवसापासून." ती चिडू शकते. ती आठवडाभर बोलणार नाही, हेही शक्य आहे. अपघातानंतर पहिल्यांदाच कोणीतरी या पायाकडे पाहून तोंड फिरवले नाही, असे वाटून तिला हायसेही वाटू शकेल. तिने नकार दिला तर कार्यालयात तिचे वावरणे अवघड होणार नाही, ही जबाबदारी सर्वस्वी तुमची.

तुमच्या आईंनी वापरलेला शब्द आपल्याकडे अगदी सहज वापरला जातो. महाराष्ट्र शासनाने २०१४ मध्ये दिव्यांग व अव्यंग व्यक्तींच्या विवाहासाठी ५० हजार रुपयांच्या प्रोत्साहनपर साहाय्याची योजना आणली. हेतू चांगलाच होता; तरीही अशा विवाहाला प्रोत्साहन लागते, हे गृहीतच धरलेले दिसते. लग्नाच्या मंडपात लोक तुम्हाला मोठ्या मनाचे म्हणतील, ते सत्कार मुकाट्याने स्वीकारण्याचा मोह तुम्हाला होईल, आणि बायको शेजारी उभी राहून ते ऐकत असेल. तेव्हा सराव आत्ताच करा. आईंना शारीरिक तपशील सांगण्याची गरज नाही. "मी तिच्यावर उपकार करत नाही, ती मला आवडते," एवढे पुरेसे आहे. मात्र हे तिचा होकार आल्यावरच बोला, कारण तिच्या नावाची चर्चा तिच्या माघारी तुमच्या स्वयंपाकघरात होणे बरे नव्हे. तुमचे घर तिसऱ्या मजल्यावर असून इमारतीला लिफ्ट नाही, असेही तुम्ही ओघात लिहिले आहे. तो विषय आई-वडिलांशी आणि सोसायटीशी काढण्यासाठी मात्र तिच्या होकाराची वाट पाहायला नको.