अल्टोमध्ये डिकी न घालवता सबवूफर (खोल, घुमणारा बास देणारा स्पीकर) कुठे बसवावा?

सीटखाली. आतच अ‍ॅम्प (आवाजाला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर) असलेले चपटे सबवूफर मिळतात, त्यातला घ्या. काचा थरथरवणारा दणका मिळणार नाही, पण एवढ्याशा केबिनला पुरतो. आधी सीट पुढेमागे सरकवून खालची उंची मोजा. पिवळ्या आवरणातल्या वायरी दिसल्या तर त्यांना हात लावू नका, त्या बहुधा एअरबॅग-सीटबेल्टच्या असतात.

सप्लाय थेट बॅटरीवरून, आणि फ्यूज बॅटरीपासून वीत-दोन वीत अंतरावरच. काही जण तो अ‍ॅम्पजवळ लावतात. मग मधली वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर फ्यूज उडतच नाही, वायरच पेटते. अर्थिंग रंग खरवडलेल्या पत्र्यावर घ्या. मूळ वायरिंग कापू देऊ नका, कपलर (वायर न कापता जोडता येणारा तयार प्लग) मागा. दुकानदार 'काही होत नाही साहेब' म्हणेल, तरीही.